गोचिडाचं औषध

नंदाबाईच्या म्हशीच्या दुधाला वराळ्यात आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ठेवलं ते घरच्या सुनेने, आणि तेही एका मांजरीपायी.

गौरी-गणपती आटोपून आठवडा झाला होता. पाऊस ओसरला होता, पण ओल हटत नव्हती, आणि त्या ओलीत गोचिडांनी गोठ्यात नुसता उच्छाद मांडला होता. पहाटेची धार काढून नंदाबाई ओसरीवर किटल्या भरत बसली होती. चरवीच्या तळाला उरलेलं घोटभर दूध तिने ताटलीत ओतलं आणि ताटली पायाने मांजरीकडे सरकवली. हाताने सरकवायची नाही, हा तिचा नेम. मांजर सुनेची, तर कौतुक सुनेने करावं. दूध वाया जाऊ नये एवढ्यापुरताच आपला संबंध, असं ती वागण्यातून सगळ्यांना दाखवून द्यायची.

तेवढ्यात सविता बाहेर आली. तळेगावच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती आणि पहिल्या पाळीची बस सहाला फाट्यावर यायची. तिने वाकून ताटली उचलली आणि दूध कुत्र्याच्या थाळ्यात ओतून टाकलं.

"आई, किती येळा सांगितलं, बुंदीला दूध देऊ नका म्हणून. हगवण लागती तिला."

"कशानं लागती?"

"दुधानं."

नंदाबाईने किटलीचं झाकण खाली ठेवलं. "माज्या म्हशीच्या दुधानं? आगं, फ्ल्याटच्या सोसायटीतली ल्हान ल्हान पोरं पित्यात ह्ये दूध. त्यांस्नी न्हाई लागत, आन ह्या महाराणीला लागती व्हय?"

"तुमच्या म्हशीचंच न्हाई, कुटलंबी. मोठ्या मांजराला दूध पचत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"मांजराला दूध पचत न्हाई! मग काय पचतं? खडं?"

शेजारची सारिका रोजच्यासारखी पातेलं घेऊन दूध न्यायला आली होती, ती पायरीवरच थांबली. ऐकायला माणूस मिळालं की नंदाबाईच्या जिभेला धार चढायची. "बग सारिके, कलियुग आलं. ही मांजरी घरात आल्यापासनं पिसवा आणल्या, गोचडं आणली, आता माज्या दुधाला नाव ठिवती. एक दिवस औषध घालून मोकळी हुती बग मी हिला."

सारिका हसली. सविता हसली नाही. "तिच्या क्यासाला धक्का लागू द्या, मग सांगते," एवढं बोलून ती खांद्याला पिशवी अडकवून बसला गेली. अख्खा दिवस सासूच्या डोक्यात ते एकच वाक्य घुमत राहिलं.

या भांडणाचं मूळ तसं जुनं. दीड वर्षापूर्वी कंपनीच्या फाटकापाशी सविताला हे पिल्लू सापडलं आणि डब्याच्या पिशवीत घालून तिने ते घरी आणलं. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, म्हणून बुंदी. पुढे तिने बुंदीला लस टोचून आणली, ऑपरेशन करून आणलं, जंताचं औषध पाजलं, पुडीतलं खाणं आणलं. नंदाबाईने हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं. तिचा स्वतःचा कुत्रा होता पैलवान. ताकात कुस्करलेली भाकरी आणि रविवारी कोंबडीची हाडं, यावर तो आठ वर्षं दणदणीत राहिला होता. सविता म्हणाली, शिजवलेली हाडं देऊ नका, घशात रुततात. नंदाबाईने मुद्दाम दिली. आणि एका रविवारी हाड खरोखरच रुतलं. पैलवान लाळ गाळत, मान वाकडी करून अंगणभर फिरला आणि शेवटी सवितानेच त्याला डॉक्टरकडे नेऊन सोडवून आणला. सून चुकली असती तर सासूने केव्हाच माफ केलं असतं. ती बरोबर निघाली, हे मात्र नंदाबाईच्या घशात आजवर अडकून होतं.

त्याच आठवड्यात मोठ्या म्हशीला ताप भरला होता. दूध निम्म्यावर आलं. कानात, कासेपाशी, शेपटीच्या मुळाशी गोचीड द्राक्षासारखे लटकले होते. निलेश, नंदाबाईचा मुलगा, त्या सकाळी सोसायटीत घरोघर दूध घालून परत येताना गोचिडाच्या औषधाची बाटली घेऊन आला आणि ती गोठ्याच्या देवळीत ठेवून पुन्हा बाहेर गेला. अंगमेहनतीचं काम निघालं की निलेशला नेमकं दुसरीकडे काम निघायचं.

त्याच दिवशी दुपारी ऊन पडल्यावर नंदाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. कोंडाजीने, तिच्या नवऱ्याने, म्हशीची शिंगं धरायची आणि हिने बादलीतल्या औषधाच्या पाण्यात फडकं बुडवून अंग पुसत जायचं, अशी या घराची रीत. म्हैस शेपटीचे सपकारे मारत होती, एक सपकारा नंदाबाईच्या डोळ्यावरच बसला. पाठीचा मणका ठणकत होता. औषधाच्या वासाने घसा खवखवत होता. तीन म्हशी आणि एक पारडू पुसून होईस्तोवर तिची बोटं पांढरीफटक पडली आणि कोंडाजी दोनदा बिडी प्यायला बाहेर जाऊन आला.

"धरा की वो नीट! शिंगं धरलीत का हारतुरा?"

"धरलीया. तू हात उरक."

सगळं झाल्यावर तिने पैलवानालाही बोलावून घेतलं. उरलेल्या औषधात आणखी तांब्याभर पाणी ओतून त्याची मान, पोट, पंजे पुसले. हे ती दर वर्षी करायची आणि पैलवान दर वर्षी अंग झटकून तिला भिजवायचा. आजही त्याने तेच केलं.

हात धुवायला उठणार तोच बुंदी आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ येऊन नंदाबाईच्या ओल्या मांडीला टेकली आणि मागच्या पायाने कान खाजवायला लागली, अशी की कानामागे रक्त आलं. नंदाबाईने आजूबाजूला पाहिलं. सविता कामावर, सारिकाचं दार बंद, कोंडाजी पाठमोरा. तिने मांजर उचलून मांडीवर घेतलं. कानाच्या आत तीन गोचीड होते, मानेखाली दोन. तिने नखाने एकेक अलगद काढला आणि विटेवर चिरडला. बुंदी घुरघुरत होती. ते घुरघुरणं मांडीतून पोटापर्यंत जाणवत होतं, आणि नंदाबाईला बरं वाटलं. फार बरं वाटलं. अशी अंगाला टेकून बसणारी एवढी एकच वस्तू या घरात होती, आणि ती सुनेची होती.

"सोसलीस व्हय गं एवडी? आन तुजी मालकीण गेली बोंबलत कंपनीत," असं म्हणत तिने बादलीतलं फडकं घेतलं. पारडापेक्षाही कमी, पैलवानापेक्षाही कमी, असा हिशोब करून तिने आणखी पाणी ओतलं, फडकं पिळलं आणि मांजरीचं अंग चोळून पुसलं. संध्याकाळी सून येईल, मांजर स्वच्छ बघेल, बुचकळ्यात पडेल आणि आपण काही बोलायचंच नाही, याची तिला आतून गंमत वाटत होती. यात माया किती आणि सुनेच्या डॉक्टरणीवर कुरघोडी किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कोंडाजीने वळून पाहिलं. "मांजराला बी?"

"गप ऱ्हावा. कुणाला सांगू नगा."

चारला सविता आली. चपला काढता काढताच तिने हाक मारली, रोज मारायची तशी, आणि बुंदी आली नाही. ती खाटेखाली सापडली. कान फडफड उडत होते, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पाय लटपटत होते. सविताने तिला ओढून बाहेर घेतलं तर अंगावरून सरसर कापरं जात होतं. मग एकाएकी मान मागे गेली, चारही पाय ताठ झाले आणि बुंदी जमिनीवर धडपडायला लागली.

"आई! काय झालं हिला? काय खाल्लं हिनं?"

नंदाबाई चुलीपाशी होती. तिथूनच तिने पाहिलं. कशाने झालं हे तिला त्याच क्षणी कळलं. सांगायला तोंडही उघडलं. पण समोर सविताचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर प्रश्नाच्या आधीच उत्तर लिहिलेलं होतं.

"मला काय म्हाईत? माज्यामागं काय कमी कामं हायती?"

निलेशने गाडी काढली. सविताने दुधाच्या किटल्यांचा क्रेट रिकामा केला, त्यात ओढणी अंथरून मांजर ठेवलं आणि छातीशी क्रेट धरून मागे बसली. गाडी वळणाआड गेली तशी सारिका दारात आलीच. "काय झालं वो काकी?" नंदाबाईने चूल विझवली. ती गोठ्यात गेली.

पाचच्या सुमाराला कोंडाजीच्या फोनवर निलेशचा फोन आला. कोंडाजीने तो नंदाबाईकडे दिला.

"आई, डॉक्टर इचारत्यात, घरात कुटं उंदराचं औषध टाकलं व्हतं का? काई फवारलं व्हतं का? काय ते कळल्याबिगर नीट इलाज करता येत न्हाई म्हणत्यात. एकसारकी हातपाय झाडती ती."

मागे सविता रडत होती, ते फोनातून ऐकू येत होतं. हुंदके देत ती काहीतरी बोलत होती आणि त्यात "त्यांनीच" हा शब्द होता.

"न्हाई बाबा," नंदाबाई म्हणाली. "काय न्हाई टाकलं."

फोन बंद झाला. कोंडाजी तिच्याकडे पाहत होता. "बरं केलंस," तो म्हणाला. "मांजर हाय. जगलं तर जगलं. तू तोंड उघडलंस तर जलमभराचं नाव हुईल. सकाळी तूच म्हणाली व्हतीस ना सारिकापुढं, औषध घालून मोकळी हुते म्हणून? मग कोण इश्वास ठेवल?"

खरं होतं. नंदाबाईने चरवी घेतली आणि धारेला बसली. म्हैस पान्हा सोडेना. रोजचे हात, रोजची म्हैस, पण आजच्या हाताची घाई म्हशीला कळत होती. तिने कास पाण्याने पुन्हा धुतली, पुन्हा चोळली. थेंब येईना. वरून औषधाचा वास येत होता. तिच्या लुगड्यालाही तो वास होता, मांडीवर केशरी-पांढरे केस चिकटलेले होते. मेली तर मेली, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. जमलं नाही. कुणाला कळो न कळो, आपण हातात घेऊन मारली हे तिला स्वतःला कळणार होतं, आणि इलाजासाठी विचारल्यावर दडवून ठेवलं हेही. ती घाबरली होती, सुनेला घाबरली होती, आणि साठीच्या बाईने पोरीएवढ्या सुनेला घाबरावं याची तिला लाजही वाटत होती. पारडू मोकळं सोडून ती उठली, देवळीतली बाटली उचलून पदराखाली घेतली.

"कुटं निगाली?" कोंडाजीने विचारलं.

"तळेगावला."

"येडी झालीस का?"

रिक्षा मिळेना. शेवटी सारिकाच्या स्कूटरवर बसून जावं लागलं. सारिकाने सगळी वाट प्रश्न विचारले आणि नंदाबाईने सगळी वाट पदराखालची बाटली घट्ट धरून ठेवली. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. ती जिना चढली तशी मागून सारिकाही चढली. तिला खालीच थांब म्हणायला हवं होतं, हे दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

आत बुंदी टेबलावर होती. पायाला सुई लावलेली, अंगावर टॉवेल, आणि टॉवेलखाली ती अजून थरथरत होती. सविता तिचं डोकं धरून उभी होती. डॉक्टरीणबाई, चैताली, म्हणजे सविताच्याच वयाची एक किडकिडीत मुलगी निघाली.

नंदाबाईने बाटली टेबलावर ठेवली.

सविताने बाटलीकडे पाहिलं, मग सासूकडे. डॉक्टरणीने बाटली उचलून वाचली. "हे लावलंत हिला? कधी?"

"दुपारी. बाराएकच्या टायमाला. म्हशीस्नी लावल्यावर जे उरलं व्हतं, त्यात लय पाणी घातलं. फडकं पिळून लावलं. पाजलं न्हाई, देवाशप्पथ."

"मावशी, पाजायची गरजच नसते. मांजर अंग चाटतं." ती बोलता बोलताच हातमोजे चढवत होती, मग मदतनिसाकडे वळली. "कोमट पाणी काढा रे, भांड्यांचा साबण आणा. आधी अंगावरचं सगळं धुवून काढू. हे आधी कळलं असतं तर दोन तास वाचले असते."

"कुत्र्याला बी लावलं मी," नंदाबाई म्हणाली. "आमच्या पैलवानाला. त्याला काय बी झालं न्हाई. दर साली लावते."

"कुत्र्याला बहुतेक वेळा सोसतं. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. पुष्कळ जण करतात ही चूक."

"चूक?" सविता बोलली. तिचा आवाज अगदी हळू होता. "ह्या? ह्या हात तरी लावतात का तिला? पायानं ताटली सरकवतात. आन आजच म्हणं गोचीड काढायला बसल्या?"

"कानात व्हती तिच्या. तीन कानात आन दोन मानंखाली. नखानं काढली मी. मांडीवर घिऊन."

"मांडीवर घेऊन," सविता म्हणाली.

दारात उभ्या सारिकाला राहवलं नाही. "काकी, पण सकाळी तुमी..." एवढंच बोलून ती थांबली. तेवढं पुरे होतं.

"ते बोलायचं म्हणून बोलले मी. तुला कळत न्हाई व्हय गं सारिके, बोलायचं बोलणं कुटलं आन..."

"मग फोनवर का न्हाई सांगितलं?" सविताने विचारलं. "यांनी इचारलं ना तुमाला? काय फवारलं का म्हणून? चुकून लावलं व्हतं तर का न्हाई सांगितलं?"

नंदाबाईकडे आयुष्यभर उत्तरांची कमी नव्हती. भाजी बाजारात, ग्रामपंचायतीत, सोसायटीतल्या शिकल्यासवरल्या बायकांपुढे, कुठेही तिची जीभ अडली नव्हती. तुला भ्याले म्हणून, हे खरं उत्तर होतं, आणि ते निलेशच्या देखत, सारिकाच्या देखत तिच्या तोंडातून निघेना. निलेश भिंतीवरचं जंतांचं चित्र पाहत उभा होता. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला भिंती आवडायला लागायच्या.

"जा तुमी घरी," सविता म्हणाली.

बुंदी वाचली. दोन दिवस ती दवाखान्यातच होती, तिसऱ्या दिवशी सविताने तिला घरी आणलं. मधल्या दोन दिवसांत गोष्ट वराळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली होती आणि परत येताना चांगलीच अंगाने भरली होती. सासूने दुधातून घातलं, असं आता म्हणत होते. सोसायटीतल्या दोन घरांनी दूध बंद केलं. नंदाबाईने हौदावर एका बाईला गाठून अद्वातद्वा बोलून घेतलं. त्याने बाईची खात्रीच पटली.

सविताने आपल्या खोलीला कुलूप आणलं. कामावर जाताना मांजर आत, खाण्याची वाटी आत, वाळूचा ट्रे आत आणि किल्ली पर्समध्ये. नंदाबाई एकदा त्या दारापाशी जाऊन उभी राहिली. आतून बुंदीने तिचा वास ओळखून दार खरवडलं. मग सारिकाचं दार वाजलं तशी नंदाबाई तिथून चटकन बाजूला झाली.

बुंदी घरी आल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे नंदाबाईने चहा टाकला. दवाखान्याच्या दिवसापासून सविता चहा न घेताच बसला जात होती, कॅन्टीनला घेते म्हणत होती. नंदाबाईने आलं ठेचून घातलं, तिच्यासाठी साखर कमी घातली, म्हशीचं पहिल्या धारेचं दूध घातलं आणि कप ओसरीच्या कठड्यावर ठेवला. "घे," ती म्हणाली. यापेक्षा जास्त नमतं तिला घेता येत नव्हतं.

सविता केस बांधत होती. तिने कपाकडे पाहिलं. कोंडाजी तोंड धुवायचा थांबला.

"तुमी घ्या आदी," सविता म्हणाली.

नंदाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचं तोंड उघडलं. एरवी या एका वाक्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, सुनेचं माहेर उद्धरलं असतं, अर्धी आळी गोळा केली असती. तिने कोंडाजीकडे पाहिलं. तो पुन्हा तोंडावर पाणी मारायला लागला होता.

कप उष्टा होऊ नये म्हणून तिने बशी आणली. कपातला घोटभर चहा बशीत ओतला आणि उभ्याउभ्याच प्यायली. जीभ भाजली. सविता तिच्याकडे पाहत होती. गिळलं की नाही हे पाहावं, तशी पाहत होती. केसांना रबर लावून झालं, पिशवी भरून झाली, चपला घालून झाल्या, तेवढा वेळ ती थांबली. मग तिने कप उचलला, चहा पिऊन टाकला आणि बसला गेली.

दुसऱ्या दिवशी तिला काही सांगावं लागलं नाही. नंदाबाईने चहा गाळला, सुनेच्या कपातला घोटभर आपणहून बशीत ओतला, तिच्या देखत प्यायली आणि कप तिच्यापुढे केला. मग पदराने तोंड पुसून, घमेलं घेऊन ती शेण काढायला गोठ्यात गेली.